आधी शिवण पाहा, मग कापड

भाऊ, तुमचा प्रश्न दोनदा वाचला. ऑगस्टात वणीहून चंद्रपूर, गोंडपिपरी, आष्टी, आलापल्ली करत भामरागड गाठायचं. गाडी दीडशे सीसीची, एकटेच जाणार, बॅगेसाठी पाच हजार बाजूला काढलेत. दुकानदार म्हणतो, १६८० डेनियरच्या कापडाची सॅडलबॅगची, म्हणजे मागच्या चाकाच्या दोन्ही बाजूंना लटकणाऱ्या बॅगांची, जोडी घ्या, सोबत रेनकव्हर मिळतं, पाण्याची चिंता सोडा. माझं मत स्पष्ट आहे: ती जोडी पावसासाठी घेऊ नका.

डेनियर म्हणजे धाग्याचं वजन. नऊ हजार मीटर धागा १६८० ग्रॅम भरला तर तो १६८० डेनियरचा. त्यावरून कापड घासायला, फाटायला किती दणकट आहे याचा अंदाज येतो. पाणी अडेल की नाही, ते त्या आकड्यात नाहीच.

रेनकव्हरचं मी भोगलेलं सांगतो. दहा-बारा वर्षांपूर्वी अशीच बॅग बांधून आर्णीहून निघालो होतो. यवतमाळ, नेर, अमरावती, परतवाडा आणि पुढे सेमाडोह, हरिसाल करत धारणी. मोठे काका तेव्हा धारणीला नोकरीवर होते आणि वावराच्या कागदांवर त्यांची सही लागत होती. आजोबांच्या हातचं जुनं खरेदीखत मी साध्या फाइलीत घालून कपड्यांच्या खाली, बॅगेच्या अगदी तळाशी ठेवलं. तिथे ते सगळ्यात जपून राहील असं वाटलं. परतवाड्यापुढे घाट लागला तसा पाऊस लागला, तो धारणीपर्यंत थांबला नाही. कव्हर उडालं नाही, फाटलंही नाही. काकांच्या ओसरीत ते काढलं तेव्हा त्याच्या तळाशी दोन लोटे पाणी साचलेलं होतं आणि बॅग त्यात बसलेली. वरचे शर्ट कोरडे, खाली खरेदीखताचा लगदा. पुढे नक्कल मिळाली, काम झालं. पण आजोबांची सही असलेला तो कागद गेला तो गेलाच.

ते पाणी आभाळातून कमी आणि रस्त्यावरून जास्त आलं होतं. मागचं चाक डबक्यातलं पाणी खालून वर फेकतं. वाऱ्याने कव्हर फुगतं, कडा उघडतात, पाणी आत शिरतं आणि मग त्याला बाहेर पडायला वाट नसते. म्हणून दुकानात बॅगेवर वरून ग्लासभर पाणी ओतून दाखवतात ना, त्यावर जाऊ नका. बॅग उलटी करा आणि तळ पाहा.

तळाला काय पाहायचं? शिवण. आपल्याकडे हे कोणाला समजवायची गरज नाही. सोयाबीनच्या गंजीवर जोड दिलेली ताडपत्री टाकली की ओल एका सरळ रेषेत उतरते, आणि ती रेष नेमकी जोडाच्या खाली असते. दाभण जिथून गेलं तिथून पाणी जातं. बॅगेचंही तेच. नायलॉन किंवा पॉलिस्टरच्या कापडाला आतून पॉलियुरेथेनचा, म्हणजे एका प्रकारच्या प्लास्टिकचा, पातळ थर असतो, कापड पाणी अडवतंही. पण शिवताना सुईने त्यालाच हजारो भोकं पाडलेली असतात. काही कंपन्या आतून शिवणीवर टेप चिकटवतात. टेप निघेपर्यंत ते बरं चालतं. मात्र आपल्या मे महिन्याच्या उन्हात आणि नंतरच्या दमट पावसाळ्यात काही वर्षं काढली की तो आतला थर चिकट होतो आणि पापुद्रे सुटायला लागतात. तुमच्या घरी जुनी सॅक असेल तर आत हात घालून बघा.

खरी जलरोधक बॅग शिवत नाहीत, जोडतात. पीव्हीसी किंवा टीपीयू या प्लास्टिकचा जाड थर दिलेल्या कापडाचे दोन तुकडे एकमेकांवर ठेवून उष्णतेने किंवा उच्च वारंवारतेच्या लहरींनी वितळवून एकजीव करतात. त्या जोडाला भोकच नसतं. जर्मनीच्या हार्टमुट ऑर्टलीब यांनी १९८२ साली सायकलसाठी अशा बॅगा करायला घेतल्या, त्याचं मूळ ट्रकवरच्या ताडपत्रीत होतं. इंग्लंडमध्ये सायकलवर भिजत असताना त्यांना ताडपत्री झाकलेले ट्रक दिसले होते. आज रायनॉक्स, व्हाया टेरा, गार्डियन गिअर्स अशा आपल्या देशी कंपन्याही मोटरसायकलचं सामान बनवतात. मात्र एकाच कंपनीची एक बॅग जोडलेली आणि दुसरी शिवलेली असू शकते, त्यामुळे नावावर न जाता प्रत्येक बॅगेचा जोड बोटाने चाचपा. पट्टे आणि कड्या थेट बॅगेच्या अंगाला शिवल्यात का, तेही पाहा. चांगल्या बॅगेत त्या आधी वेगळ्या पट्टीवर शिवतात आणि ती पट्टी मग बॅगेवर वितळवून बसवतात.

दुसरी जागा म्हणजे तोंड. चेन नको, गुंडाळून बकलने बंद करायचं तोंड घ्या. वणी-घुग्घुसच्या रस्त्यावर कोळशाची भुकटी असते, गावच्या रस्त्याला काळी माती. दोन्ही चेनीत बसतात आणि एका हंगामात चेन अडायला लागते. गुंडाळीच्या तोंडात अडण्यासारखं काही नाही. आधी बॅगेवर गुडघा ठेवून हवा काढा, तोंडाच्या दोन्ही पट्ट्या सरळ जुळवा आणि निदान तीन वेढे घ्या. बॅग ठासून भरली की दोनच वेढे बसतात आणि मग तिच्यावर भरवसा नाही. त्यासाठी सामान ३० लीटरचं असेल तर बॅग ४० लीटरची घ्यावी.

वस्तू किती पाणी सोसते हे सांगणाऱ्या आयपीएक्सच्या आकड्यांबद्दलही विचारलंत. ४ म्हणजे कोणत्याही बाजूने उडालेले शिंतोडे, ६ म्हणजे जोराची धार, ७ म्हणजे एक मीटर पाण्यात अर्धा तास. ७ मिळालं म्हणजे ६ आपोआप मिळालं असं नसतं, त्या वेगळ्या चाचण्या आहेत. आपल्याला धारेशी मतलब आहे. घरी आणल्यावर खात्री करून घ्या: आत वर्तमानपत्राची पानं घाला, तोंड बांधा आणि विहिरीच्या मोटरच्या धारेखाली दहा मिनिटं धरा, त्यातली पाच मिनिटं तळ धारेकडे करून. कागदावर एक थेंब दिसला तरी त्याच दिवशी परत करा.

तुम्ही एकटेच असल्याने मी जोडीऐवजी एकच ४० लीटरची डफल, म्हणजे लांबट गोल बॅग, सुचवेन, मागच्या सीटवर आडवी. तेवढ्या पैशात चांगली बसते. शिवाय सॅडलबॅगेचं एक दुखणं टळतं: उजवीकडे सायलेन्सर. पीव्हीसी सायलेन्सरला टेकलं की वितळतंच, आणि खड्ड्यात शॉकअप दबला की वर दिसणारं चार बोटांचं अंतर उरत नाही. पुढे कधी सॅडलबॅग घेतलीच तर डावीकडचा साडीगार्ड काढू नका, बॅग चाकात जाण्यापासून तोच अडवतो. बांधायला हुकाची रबरी दोरी वापरू नका. ती ताणते, बॅग सरकते आणि हुक निसटला तर डोळ्यावर येतो. बकलचे न ताणणारे दोन पट्टे घ्या, सीटखालच्या चौकटीला किंवा ग्रॅबरेलला (मागे बसणाऱ्याच्या धरायच्या दांडीला) बांधा आणि पट्ट्याची उरलेली शेपटी गुंडाळून खोचा. लोंबती शेपटी गाडीच्या चेनमध्ये गेली की मागचं चाक जाम होतं. दहा-पंधरा किलोमीटरवर एकदा थांबून पट्टे पुन्हा ओढा, सामान बसल्यावर ते सैल पडतात. जड वस्तू बॅगेत खाली आणि पुढे, तुमच्या पाठीकडे.

एक गोष्ट लोक विसरतात. जी बॅग पाणी आत येऊ देत नाही ती बाहेरही जाऊ देत नाही. ओला रेनकोट आत टाकला तर संध्याकाळी सगळे कपडे दमट. ओलं सामान बॅगेवर पट्ट्याखाली बांधा. कागद आणि फोनचा चार्जर मात्र आत आणखी एका जाड पन्नीत, आणि तळाशी नाही, वर. कीटकनाशकाची किंवा खताची रिकामी पिशवी धुऊनही वापरू नका.

आलापल्लीपुढचे ६५-एक किलोमीटर जंगलाचे आहेत, म्हणून पट्ट्याचा एक जास्तीचा जोड आणि चिकटपट्टी जवळ ठेवा. भोक पडलं तर जागा पुसून पूर्ण कोरडी करून आतून-बाहेरून पट्टी लावा; घरी आल्यावर ताडपत्री जोडणाऱ्याकडून गरम हवेने ठिगळ बसवून घ्या. पंक्चरचं सोल्युशन पीव्हीसीवर नीट धरत नाही. आणि भामरागडजवळच्या पर्लकोटा नदीचं पाणी पुलावर आलं असेल, किंवा वाटेत कुठल्याही रपट्यावरून पाणी वाहत असेल, तर गाडी घालू नका. आलापल्लीत मुक्काम करा.

परत आलात की बॅग साध्या पाण्याने धुवा, तोंड उघडं ठेवून सावलीत उलटी टांगा. घडी घालून टिनाच्या खोलीत ठेवू नका, घडीवरच ती आधी चिरते. आत शेंगदाण्याचा एक दाणाही राहू देऊ नका. उंदीर त्या वासाने येतात आणि बॅगेचा तळच कुरतडतात.