सिग्नल्सच्या बिल्ल्यावरील पंखधारी दूत

प्रश्न : आमच्या नात्यातील एक सुभेदार सैन्याच्या सिग्नल (संदेशवहन) रेजिमेंटमधून निवृत्त झाले. त्यांच्या टोपीच्या बिल्ल्यावर अशोकस्तंभाच्या सिंहांखाली, पायांना पंख असलेली एक धावती आकृती आहे. ही आकृती कोणाची आणि आपल्या सैन्याने ती का ठेवली? या दलाचा इतिहासही कृपया सांगावा.

उत्तर : ती आकृती रोमन पुराणकथांमधील देवांचा दूत मर्क्युरी याची आहे. सिग्नल्सचे जवान आणि अधिकारी तिला आपुलकीने ‘जिमी’ म्हणतात. बिल्ला जरा जवळून पाहिला, तर मस्तकावर पंखांचे शिरस्त्राण, टाचांना पंख, वर उचललेला उजवा हात आणि डाव्या हातात दोन सर्पांचा विळखा असलेला दंड दिसेल. हा दंड पाहून अनेकांना वैद्यकीय दलाची आठवण होते; परंतु वैद्यकशास्त्राच्या दंडाला एकच सर्प असतो, तर दोन सर्पांचा दंड हा निरोप घेऊन जाणाऱ्या दूताचा अधिकारदर्शक आहे. या आकृतीची ठेवण जाम्बोलोन्या या शिल्पकाराने सोळाव्या शतकात घडविलेल्या मर्क्युरीच्या प्रसिद्ध कांस्यमूर्तीवरून घेतलेली आहे.

ब्रिटनमध्ये 1920 साली रॉयल कोअर ऑफ सिग्नल्सची स्थापना झाली आणि तिने मर्क्युरी हे चिन्ह स्वीकारले. तेथूनच ते भारतीय दलाकडे आले. मात्र भारतीय दल त्याहून जुने आहे, ही गोष्ट आवर्जून सांगावीशी वाटते. 15 फेब्रुवारी 1911 रोजी लेफ्टनंट कर्नल एस. एच. पॉवेल यांच्या नेतृत्वाखाली भारतात स्वतंत्र सिग्नल तुकड्यांची उभारणी सुरू झाली आणि फतेहगढ येथे 31 व 32 क्रमांकांच्या डिव्हिजनल सिग्नल कंपन्या उभ्या राहिल्या. त्यापूर्वी संदेशवहनाचे काम सॅपर्स अँड मायनर्स, म्हणजे अभियंत्यांच्या पलटणी, आपल्या इतर कामांबरोबर सांभाळत असत. दलाचा स्थापना दिन आजही 15 फेब्रुवारीलाच साजरा होतो.

त्या काळातील साधनांपैकी हेलिओग्राफ या आरशाने संदेश पाठविणाऱ्या यंत्राची ओळख करून घेण्याजोगी आहे, कारण त्याचा जन्म याच उपखंडाशी जोडलेला आहे. पर्शियन आखाताच्या तारखात्यात कराचीला नोकरीस असलेल्या हेन्री मान्स यांनी 1869 च्या सुमारास ते तयार केले. तिकाटण्यावर बसविलेला गोल आरसा सूर्याचे किरण दूरच्या ठाण्याकडे परावर्तित करतो. आरशामागची कळ दाबली की आरसा किंचित कलतो आणि समोरच्या ठाण्यावर झळक दिसते, कळ सोडली की ती नाहीशी होते. अल्प झळक म्हणजे मोर्स या सांकेतिक लिपीतील बिंदू आणि दीर्घ झळक म्हणजे रेघ. सूर्य पाठीमागे असेल, तर दुसरा आरसा लावून किरण पहिल्यावर वळवून घेतले जात. तार नसल्याने ती कापली जाण्याचा धोका नसे आणि किरणांचा झोत अरुंद असल्याने बाजूला असलेल्या शत्रूला तो सहसा दिसत नसे. म्हणूनच वायव्य सरहद्दीच्या डोंगराळ मुलखात या यंत्राने मोठी कामगिरी बजावली. ढग दाटले किंवा रात्र झाली, की मात्र दिवे, निशाणे आणि धावपटू यांच्यावरच भिस्त ठेवावी लागे.

पहिल्या महायुद्धात संदेशवहनाचा मुख्य भार टेलिफोनच्या तारांवर पडला. तोफगोळ्यांनी त्या वारंवार तुटत आणि प्रत्येक वेळी कोणा लाइनमनला भडिमारातच बाहेर पडून तुटलेले टोक शोधून जोडावे लागे. या धैर्याची नोंद लढायांच्या वर्णनांत फार कमी येते, याची खंत वाटते. जेथे तार पोहोचत नसे, तेथे मोटारसायकलवरून लखोटे नेणारे डिस्पॅच रायडर जात. दलाचे 1935 मध्ये स्थापन झालेले ‘डेअर डेव्हिल्स’ हे मोटारसायकल पथक त्याच कौशल्याची परंपरा पुढे चालवते.

आता आपल्या मूळ शंकेकडे वळू. प्रजासत्ताक स्थापन झाल्यावर सैन्याच्या बिल्ल्यांवरील ब्रिटिश राजमुकुट गेला आणि त्या जागी अशोकस्तंभाचे सिंह आले. दलाचे बोधवाक्य ‘तीव्र चौकस’, म्हणजे वेगवान व सावध, असे आहे. मर्क्युरी मात्र राहिला. मुकुट सत्तेचे चिन्ह होता आणि सत्ता बदलली. दूताचे काम बदलले नाही. माझ्या मते हा निर्णय विचारपूर्वक घेतलेला आणि योग्य होता, कारण दूताच्या आकृतीवर कोणा एका राज्याची मालकी नाही. कॅनडाच्या सिग्नल दलाच्या बिल्ल्यावरही हाच दूत आढळतो.

प्रश्न : अमेरिकन सिग्नल दलाच्या चिन्हावर मर्क्युरीऐवजी दोन निशाणे का दिसतात?

उत्तर : कारण तेथे साधनालाच चिन्हाचा मान मिळाला. अल्बर्ट मायर या लष्करी डॉक्टरांनी दिवसा निशाण आणि रात्री मशाल हलवून संदेश देण्याची पद्धत बसविली आणि 1860 मध्ये अमेरिकन सैन्याने त्यांना आपले पहिले सिग्नल अधिकारी नेमले. म्हणून तेथील चिन्हात एकमेकांना छेदणारी दोन निशाणे, एक पांढरे व मध्ये लाल चौकोन असलेले आणि दुसरे लाल व मध्ये पांढरा चौकोन असलेले, आणि त्यांच्या मधोमध सोनेरी रंगाची पेटती मशाल आहे.