वाचकांचे प्रश्न : चौकशी करणारे आणि खरोखर घेणारे

प्रश्न : आमच्या घरी येवल्यात हातमागावर पैठणी विणली जाते. मी व्हॉट्सॲप व इन्स्टाग्रामवरून थेट विक्री सुरू केली आहे. ‘किंमत?’ विचारणारे आणि ‘अप्रतिम!’ लिहिणारे पुष्कळ असतात, पण आणखी फोटो पाठवले की ते गप्प होतात. काहींच्या शब्दावर साडी बाजूला ठेवल्यामुळे लग्नसराईत दुसरी गिऱ्हाइके हातची गेली. खरोखर घेणारी व्यक्ती कशी ओळखावी?

उत्तर : कौतुकाला मागणी समजू नका. पैठणीचा फोटो पाहून वाहवा करणाऱ्याला त्यासाठी काहीच द्यावे लागत नाही; ज्याला साडी घ्यायची आहे, त्याच्या प्रश्नांत मात्र त्याची स्वतःची गरज डोकावू लागते. लग्न कोणत्या तारखेला आहे, त्याआधी फॉल-पिको होऊन पार्सल नागपूरला पोहोचेल का, सोबत ब्लाउज पीस आहे का, हाच मोरपंखी रंग मुनियाच्या, म्हणजे पोपटांच्या नक्षीच्या, काठात मिळेल का, असे विचारणाऱ्या बाईंनी ती साडी मनाने नेसून पाहिलेली असते. पदराच्या उलट बाजूचा फोटो मागणारे गिऱ्हाईक तर विशेष जपावे. पारंपरिक पद्धतीने हाताने विणलेल्या पदराची नक्षी दोन्ही बाजूंनी जवळजवळ सारखी दिसते, हे ज्याला ठाऊक आहे, तो यंत्रमागाच्या साडीशी तुमच्या किमतीची तुलना करून निघून जाण्याची शक्यता कमी असते. विणकराच्या घरात अशा प्रश्नांचा कंटाळा कधीच येऊ नये.

केवळ ‘किंमत?’ लिहिणाऱ्यांनाही उडवून लावू नका, कारण अनेकदा तो प्रश्न आपणच त्यांच्यावर लादलेला असतो. कॅटलॉगमध्ये प्रत्येक साडीखाली किंमत, रेशीम व जरीचा प्रकार आणि ती तयार आहे की विणून द्यावी लागेल, हे स्पष्ट लिहा. ज्यांच्या आवाक्याबाहेर ती आहे ते संकोच न होता थांबतील आणि उरलेल्यांशी बोलायला तुम्हाला वेळ मिळेल. त्यानंतर उत्तर देताना तुम्हीही एक प्रश्न विचारा : ‘कोणत्या कार्यासाठी हवी आहे आणि कधीपर्यंत?’ घेणारी व्यक्ती बहुधा याचे नेमके उत्तर देते.

एक गोष्ट मात्र आवर्जून सांगावीशी वाटते. सावकाश ठरवणारे गिऱ्हाईक खोटे नसते. पैठणी ही मोठी खरेदी असते आणि बहुतेक घरांत तो फोटो आई, सासूबाई, नणंद अशा चार जणींच्या नजरेखालून जातो. आठवडाभर शांत राहून ‘ती जांभळी अजून आहे का?’ असे नेमक्या साडीबद्दल विचारणारी व्यक्ती, रोज नव्या दहा फोटोंची मागणी करणाऱ्यापेक्षा खरेदीच्या अधिक जवळ असते. व्हॉट्सॲप बिझनेसमधील लेबलांचा वापर करून अशा चौकश्या वेगळ्या ठेवा आणि एकदा, फार तर दोनदा, आपणहून विचारा.

साडी राखून ठेवायची असेल तर आगाऊ रक्कम घ्यावी, मुदत लेखी कळवावी आणि रक्कम परत मिळण्याची अट आधीच सांगावी. यात संकोच वाटण्याचे कारण नाही. ज्यांना घ्यायची असते ते सहसा हरकत घेत नाहीत. उलट, पूर्ण रक्कम माल हाती पडल्यावर देण्याची सवलत एवढ्या महाग वस्तूवर देऊ नका, कारण नाकारलेल्या पार्सलचा जाण्यायेण्याचा खर्च आणि मधले दिवस तुमच्याच अंगावर पडतात.

प्रश्न : रत्नागिरीहून हापूस विकतो. एकाने भाव न विचारताच वीस पेट्या मागितल्या आणि ‘हा क्यूआर कोड स्कॅन करा, आगाऊ रक्कम जमा होईल,’ असे सांगितले. विश्वास ठेवावा का?

उत्तर : मुळीच ठेवू नका. पेटीत किती डझन, फळ कच्चे की तयार, पुण्यात कोणत्या दिवशी पोहोचेल, यांपैकी काहीही न विचारणाऱ्याला आंब्याशी कर्तव्य नसते. यूपीआयवर पैसे स्वीकारण्यासाठी कोड स्कॅन करावा लागत नाही आणि पिनही टाकावा लागत नाही. पिन टाकला की पैसे तुमच्या खात्यातून जातात. ‘पैसे पाठवले’ असा स्क्रीनशॉट आला तरी बँक खात्यात रक्कम जमा झाल्याचे स्वतः पाहिल्याशिवाय पेट्या गाडीत चढवू नका. रक्कम गेलीच असेल तर वेळ न दवडता 1930 या सायबर फसवणुकीच्या हेल्पलाइन क्रमांकावर तक्रार नोंदवा आणि आपल्या बँकेलाही लगेच कळवा.