टेक्सासमध्ये कोच दुसऱ्या गावच्या शाळेत गेला, त्याच्यामागे मुलालाही तिकडे घातलं तर त्याला फुटबॉल खेळता येईल का?

तुमचा प्रश्न आधी थोडक्यात मांडते, म्हणजे बाकीच्या वाचणाऱ्यांनाही संदर्भ लागेल. तुमचा मुलगा पश्चिम टेक्सासमधल्या एका छोट्या गावात दहावीत आहे आणि फुटबॉल खेळतो. इथला फुटबॉल, हातात बॉल घेऊन पळायचा. त्याचा लाडका हेड कोच डिसेंबरात तीस मैलांवरच्या शाळेत गेला, आणि ती शाळा म्हणजे तुमच्या गावाची पिढीजात प्रतिस्पर्धी. मुलाला कोचच्या मागे जायचंय. शाळा बदलली तर पुढच्या सीझनला तो खेळू शकेल का, आणि आम्ही नुसती चौकशी केली तर गावातली माणसं एवढी का बिथरली, असं तुम्ही विचारलंय.

पहिल्या भागाचं उत्तर सरळ आहे. कोचसाठी शाळा बदललीत तर निदान एक वर्ष वर्सिटी विसरा. वर्सिटी म्हणजे शुक्रवारी रात्री दिव्यांखाली खेळणारा शाळेचा पहिला संघ. नव्या शाळेत नाव घातल्यापासून पूर्ण बारा महिने तो त्या संघात उतरू शकत नाही. खालच्या संघात, म्हणजे जेव्हीत, त्याला खेळता येतं, सरावही करता येतो. पण तुमचा मुलगा दहावीत आहे, म्हणजे अकरावीचा सगळा सीझन गेला असंच धरा.

मी हे इतक्या ठामपणे सांगते कारण आमच्या घरात हे घडलंय.

आम्ही मूळचे कोल्हापूरचे. नवऱ्याचं काम तेलविहिरींच्या यंत्रसामग्रीचं, त्यामुळे चौदा वर्षांपूर्वी मिडलंड-ओडेसाच्या पट्ट्यात आलो आणि तिथल्याच एका लहान गावात घर घेतलं. मुलगा लहानपणी सॉकर खेळायचा, पायात जोर होता, म्हणून आठवीत त्याला किकर, म्हणजे बॉलला लाथ मारून गुण मिळवणारा खेळाडू, केलं. दहावीत असताना जुना कोच सोडून गेला. नव्या कोचनी आपला किकर आणला आणि आमचा मुलगा बाकावर बसला. एका रात्री नवऱ्यानं रागाच्या भरात कोचना ई-मेल लिहिली: मुलाला खेळवणार नसाल तर आम्ही दुसरी शाळा बघू. मी ती पाठवायच्या आधी वाचलीही नव्हती.

त्यानंतर पाच महिन्यांनी नवऱ्याची बदली खरोखरच पस्तीस मैलांवर झाली. नव्या गावात घर भाड्यानं घेतलं. जुनं घर विकायला काढायचं होतं, पण त्याच सुमारास सासू-सासरे सहा महिन्यांसाठी आले होते. बागेत बसायची सवय झाली होती, शेजारच्या आजींशी ओळख झाली होती. म्हटलं, ते परत जाईपर्यंत त्यांना तिथेच राहू दे, घर मग विकू.

आता नियम काय आहे ते सांगते. टेक्सासमधल्या सरकारी शाळांचे खेळ यूआयएल नावाची संस्था चालवते. ऑस्टिनच्या टेक्सास विद्यापीठाने 1910 मध्ये ती सुरू केली. आठवी ते बारावीत दुसऱ्या शाळेत खेळलेल्या मुलाला नव्या शाळेच्या वर्सिटीत उतरायचं असेल तर त्याच्या आधीच्या खेळाचा एक फॉर्म भरावा लागतो. त्यावर पालक सही करतात, नवी शाळा करते आणि जुन्या शाळेचाही भाग असतो. जुन्या शाळेला विचारलेलं असतं की हा मुलगा खेळासाठी जातोय का, त्याचं किंवा पालकांचं कोचशी काही बिनसलं होतं का. जुन्या शाळेनं आमच्या फॉर्मला ती ई-मेल जोडली.

तो फॉर्म डिस्ट्रिक्टच्या समितीपुढे जातो. डिस्ट्रिक्ट म्हणजे इथे जिल्हा नव्हे. विद्यार्थीसंख्येप्रमाणे शाळांचे 1ए ते 6ए असे वर्ग असतात, आणि एकाच वर्गातल्या जवळपासच्या काही शाळांचा गट म्हणजे डिस्ट्रिक्ट. दर दोन वर्षांनी ते नव्यानं आखले जातात. समितीत बसतात ते याच गटातल्या शाळांचे सुपरिंटेंडेंट, म्हणजे मुख्य अधिकारी. ज्या शाळांशी तुमचा मुलगा सप्टेंबर-ऑक्टोबरात भिडणार, त्यांचीच माणसं तो खेळू शकतो की नाही हे ठरवतात. मला हे पहिल्यांदा कळलं तेव्हा विश्वास बसेना. आता वाटतं की यात एक गावठी शहाणपण आहे. तिसऱ्या गावातल्या माणसाला खोटं पटकन ओळखू येतं, कारण त्याच्या गावातही तेच चालतं.

आमची सुनावणी एका शाळेच्या बैठकीच्या खोलीत झाली. आम्ही वीजबिल, भाडेकरार, नवऱ्याच्या कंपनीचं बदलीचं पत्र, सगळं नेलं होतं. त्यांनी दोनच गोष्टी विचारल्या. जुनं घर अजून तुमच्या नावावर आहे, ते विकायला काढलंय का, बाजारभावानं भाड्यानं दिलंय का? आणि ही ई-मेल कुणी लिहिली? कुटुंब पूर्णपणे हललं पाहिजे असा नियम आहे, आणि आमच्या जुन्या घरात आमचीच माणसं राहत होती. सासऱ्यांचं तिथे असणं म्हणजे काही लबाडी नव्हती, पण कागदावर ती तशीच दिसली. मुलाला एक वर्ष वर्सिटीबाहेर ठेवलं. राज्याच्या समितीकडे अपील करता आलं असतं, पण ती ई-मेल ऑस्टिनलाही तीच राहिली असती. आम्ही केलं नाही.

तर तुम्ही आज करायची पहिली गोष्ट ही: कोचना, बूस्टर क्लबच्या (संघासाठी पैसे जमवणाऱ्या पालकांच्या मंडळाच्या) माणसांना, व्हॉट्सॲप ग्रुपवर रागानं काहीही लिहू नका. आणि नव्या गावातल्या भावाच्या, मित्राच्या पत्त्यावर मुलाला दाखवायचा विचार कुणी सुचवला तर तिथेच थांबवा. अपात्र मुलगा वर्सिटीत खेळला हे उघड झालं तर कमीत कमी शिक्षा म्हणजे तो सामना प्रतिस्पर्ध्याला बहाल. चाळीस-पन्नास पोरांनी ऑगस्टच्या उन्हात केलेली मेहनत तुमच्या एका पत्त्यापायी जाते, आणि त्या पोरांच्या आया तुम्हाला रोज ग्रोसरीच्या दुकानात भेटणार असतात.

दुसरा प्रश्न, लोक एवढे का बिथरतात. हे मला सासऱ्यांमुळे नीट कळलं. त्यांना एका शुक्रवारी सामन्याला नेलं. गावात चार हजार माणसं आणि स्टेडियममध्येही जवळपास तेवढीच. बँड, पोरींच्या छातीवर होमकमिंगची (जुन्या विद्यार्थ्यांना बोलावतात त्या वार्षिक सामन्याची) गुडघ्यापर्यंत लोंबणारी फितींची फुलं, चर्चचे पास्टर, पेट्रोलपंपाचा मालक, सगळे एका रंगात. सासरे अर्धा तास गप्प बसून बघत होते, मग म्हणाले, "अगं, हे तर पाटाकडील आणि दिलबहार झालं!" ज्यांनी कोल्हापूरच्या शाहू स्टेडियमवर या तालमींचे फुटबॉलचे सामने पाहिलेत त्यांना वेगळं सांगायला नको. पेठेचा पोरगा समोरच्या तालमीकडून खेळायला लागला तर गल्लीत काय होतं ते त्यांना माहीत होतं. फरक एवढाच की इथे खेळणारी पोरं सोळा-सतरा वर्षांची, आणि त्यांच्या मागे शाळा उभी.

या पट्ट्यात चुरस किती खोल जाते याची दोन उदाहरणं देते. 1988 मध्ये ओडेसाची पर्मियन, मिडलंड ली आणि मिडलंड हाय या तीन शाळा बरोबरीत आल्या. प्लेऑफच्या, म्हणजे पुढच्या बाद फेऱ्यांच्या, जागा दोनच. नाणेफेकीनं ठरवायचं झालं, आणि गर्दी टाळायला ती एका ट्रक स्टॉपवर मध्यरात्र उलटल्यावर केली. टीव्हीवर ती थेट दाखवली, आणि लोक जागे राहून बघत बसले. मिडलंड हाय बाहेर पडली. दुसरं, 1989 ला पर्मियन राज्यविजेती झाली, कोच गॅरी गेन्स त्यानंतर टेक्सास टेक विद्यापीठाकडे गेले, आणि लगेच 1990 ला याच शाळेला प्लेऑफमधून बाद केलं. कारण नियमानं ठरलेल्या तारखेआधीच कोचांच्या देखरेखीखाली सराव घेतला. तक्रार कुणी केली, तर त्याच शहरातल्या ओडेसा हायच्या कोचनी. विजेतेपद, कोच बदलणं आणि नियमाचा बडगा, सगळं एका वर्षाच्या आत.

कोच जाणं ही इथे नोकरी बदलण्याइतकी साधी बाब नसते हेही लक्षात घ्या. छोट्या शाळेत हेड कोच हाच बहुतेकदा ॲथलेटिक डिरेक्टर, म्हणजे सगळ्या खेळांचा प्रमुख, असतो. सहायक कोच इतिहास शिकवतो, ट्रॅक बघतो, बसही चालवतो. हेड कोच गेला की दोन-तीन सहायक त्याच्याबरोबर उठतात, त्यांच्या बायका त्याच शाळेत शिक्षिका असतात, त्याही जातात, मुलंही जातात. जानेवारीत एका छोट्या शाळेतून पाच-सहा माणसं कमी झालेली मी पाहिलीत. अशा वेळी "त्यांच्याबरोबर आमचा मुलगाही" असं तुम्ही म्हणालात की गावाला ती शेवटची काडी वाटते. तुमच्यावरचा राग बराचसा कोचवरचा आहे. कोचला ते बोलू शकत नाहीत, तुम्ही समोर आहात.

मी स्वतः या नियमाच्या बाजूची आहे, आमच्या मुलाचं वर्ष जाऊनही. हा नियम नसता तर जिंकणाऱ्या कोचमागे चांगली पंधरा पोरं दरवर्षी हलली असती, आणि ज्या पोरांच्या आईबापांना घर बदलणं परवडत नाही ती मागे पडली असती. मला खटकतं ते एवढंच की खरोखर कामासाठी हललेलं कुटुंब आणि खेळासाठी हललेलं कुटुंब यांना एकाच चाळणीतून काढतात, आणि इंग्रजीत नीट न बोलू शकणारे आईबाप त्या खोलीत फार एकटे पडतात. तुमच्यावर सुनावणीची वेळ आलीच तर बरोबर कुणीतरी न्या, निदान कागद पुढे करायला.

मार्कांचं विसरू नका. इथे "नो पास, नो प्ले" आहे. 1984 साली राज्यानं शिक्षणाचा मोठा कायदा केला, त्यामागे डॅलसचे उद्योगपती रॉस पेरो यांची समिती होती. एका विषयात 70 पेक्षा कमी मिळाले की सामना बंद. तेव्हा सहा आठवडे बंद असायचा, 1995 पासून तीन आठवड्यांनी पुन्हा तपासून परत घेतात. सराव मात्र करता येतो. त्या वेळी कोच मंडळी प्रचंड भडकली होती, आणि गव्हर्नर मार्क व्हाइट 1986 ला हरले त्यात त्या रागाचाही वाटा होता असं इथले जुने लोक सांगतात. नियम किती लांबवर जाऊ शकतो ते बघायचं तर डॅलसच्या कार्टर शाळेचं उदाहरण आहे. 1988 मध्ये एका खेळाडूच्या बीजगणिताच्या मार्कांवरून कोर्टकचेऱ्या सुरू असतानाच ती शाळा खेळत राहिली, उपांत्य फेरीत पर्मियनला 14-9 हरवलं, राज्य जिंकलं, आणि पुढे ते विजेतेपद काढून अंतिम फेरीत हरलेल्या कॉन्व्हर्स जडसनला दिलं. शाळा बदलताना विषय आणि परीक्षांचं वेळापत्रक मागेपुढे होतं, मार्क हमखास घसरतात. आमच्या मुलाचे केमिस्ट्रीत घसरले होते. वयाची आणि वर्षांची अटही आहे: 1 सप्टेंबरला 19 पूर्ण नकोत, आणि नववीत गेल्यापासून सलग चार वर्षंच खेळता येतं. म्हणून "एक वर्ष थांबून मग खेळेल" हा हिशेब करताना ते वर्ष परत मिळत नाही हे धरा.

आमचा मुलगा अकरावीत गुरुवारी जेव्हीचा सामना खेळायचा आणि शुक्रवारी साइडलाइनवर पाण्याच्या बाटल्या भरायचा. पहिले दोन महिने घरी बोलत नव्हता. बारावीत खेळला, जुन्या शाळेविरुद्धही. हरले. सामना संपल्यावर जुनी पोरं त्याला उचलायला धावत आली तेव्हा मी स्टँडमध्ये रडत होते, आणि माझ्या शेजारी त्या जुन्या गावातलीच एक आई रडत होती.

तुम्हाला जायचंच असेल तर शाळेतून चालू वर्षाचा फॉर्म आधी घ्या आणि दोघांनी बसून शेवटच्या ओळीपर्यंत वाचा, नियमांत दरवर्षी बारीकसारीक बदल होतात. मग आज-उद्या जेवताना मुलाला सहज विचारा की तुला तिकडे कशासाठी जायचंय. सुनावणीत आमच्या मुलालाही हेच विचारलं होतं, आमच्याकडे न बघता. तुमचा मुलगा कोचचं नाव घेईल, तर फॉर्मवर दुसरं कारण लिहू नका.