किरण दिलेला हापूस खावा का?

प्रश्न : अमेरिकेला जाणाऱ्या हापूसला किरण देतात. त्याने आंबा किरणोत्सर्गी होतो का? – एक बागायतदार, देवगड

उत्तर : अजिबात नाही. कोबाल्ट-६० या किरणोत्सर्गी धातूचे गॅमा किरण फळातून आरपार जातात, मागे काही उरत नाही. बिनधास्त खा. किरण देतात ते किडीसाठी : किमान ४०० ग्रे (शोषलेल्या किरणांचं एकक) मात्रेने कोयीतला भुंगा वांझ होतो, लगेच मरतोच असं नाही. म्हणून कोय फोडल्यावर वळवळणारा किडा दिसला तरी प्रक्रिया फसली असं समजू नका. मात्रा फार झाली तर मात्र सालीवर तपकिरी ठिपके उठतात. देठाकडची कूज किरणांनी थांबत नाही, त्यासाठी आधी ५२ अंशांच्या पाण्यात ३ मिनिटं बुडवणं आलंच.

खरी जोखीम कामगारांना! किरण देणारा कोबाल्टचा स्रोत संरक्षक टाकीत उतरल्याशिवाय खोलीचं दार उघडताच कामा नये.