गेम खेळताना पीसी मध्येच बंद पडतो. ग्राफिक्स कार्ड बदलू की फॉरमॅट मारू?

दोन्ही करू नकोस. निदान या आठवड्यात तरी नाही.

प्रश्नावरून वयाने माझ्या मुलाएवढा वाटतोस, म्हणून ‘तू’ म्हणते. तू लिहिलंयस की गेम सुरू केला की दहा-पंधरा मिनिटांत पीसी बंद पडतो, इतर वेळी दिवसभर व्यवस्थित चालतो, ‘म्हणून घरचे म्हणतात गेममुळेच बिघडला’. खरं सांगायचं तर मी या शेवटच्या वाक्यासाठी लिहायला बसले. हे वाक्य मी आमच्या घरात दिवाळीपासून फेब्रुवारीपर्यंत रोज ऐकलंय, चहाबरोबर आणि जेवणाबरोबर.

मी कॉम्प्युटरवाली नाही. परळला राहते, एका पतपेढीत अकाउंट्स बघते. मुलगा तेव्हा अकरावीत होता. त्याच्याकडे रायझन ५ ५६०० प्रोसेसरचा पीसी, त्यात जीटीएक्स १६५० कार्ड. माझ्या बोनसमधून दिवाळीत त्याला आरटीएक्स ३०६० घेऊन दिलं. एसएमपीएस, म्हणजे कॅबिनेटमधला वीज पुरवणारा डबा, ५५० वॅटचा, चांगल्यातला, त्यामुळे तिथे चिंता नव्हती. भाऊबीज झाली आणि पीसी बंद पडायला लागला. अभ्यासाचे व्हिडिओ तासन्‌तास चालायचे. गेम लावला की कधी काही नाही, कधी एकदम अंधार.

आमच्या ह्यांचं निदान पहिल्याच दिवशी झालं: गेम. दोन आठवडे गेम बंद ठेवायला लावला, पीसी एकदाही बंद पडला नाही, आणि निदानावर शिक्का बसला. पुढे मुलाला काही बोलायची सोयच राहिली नाही.

दुसरं निदान भावजींचं. माझे धाकटे दीर लॅमिंग्टन रोडला एका दुकानात हार्डवेअरचं काम करतात, त्यामुळे घरात कॉम्प्युटरच्या बाबतीत त्यांचा शब्द शेवटचा. ते आले, इव्हेंट व्ह्यूअर, म्हणजे विंडोजची घडामोडींची नोंदवही, उघडला, त्यात लाल खुणेची ‘कर्नल-पॉवर ४१’ अशी नोंद होती. म्हणाले, “वहिनी, हे बघा, कार्ड जास्त पॉवर खेचतंय, नाहीतर रॅम गेलीये.” तुझ्याकडेही ४१ दिसत असेल, कारण पीसी अचानक बंद पडला की तो दिसतोच. त्याचा अर्थ एवढाच, की मागच्या वेळी विंडोज नीट बंद न होता पुन्हा सुरू झालं. का, ते त्यात नसतं. पंचनामा आहे तो, तपास नव्हे. पण लाल खूण दिसली की माणसाला आरोपी सापडल्यासारखं वाटतं.

भावजी कॅबिनेट उचलून दुकानात घेऊन गेले. चार दिवसांनी आणून दिला. “चार तास गेम चालवला, हललासुद्धा नाही. रॅमच होती, बदलली.” २,८०० रुपये. तिसऱ्या दिवशी संध्याकाळी पीसी बंद.

आता माझ्या धंद्याची एक गोष्ट सांगते, कंटाळू नकोस. खात्यात फरक आला की नवीन माणूस घाबरून सगळ्या एंट्र्या पुन्हा मारायला बसतो. जुना माणूस आधी फरकाकडे बघतो. फरकाला ९ ने पूर्ण भाग जात असेल तर बहुतेक वेळा कुणीतरी ५४ चे ४५ लिहिलेले असतात. तो आकडाच सांगतो कुठे बघायचं. घरात तोवर तेच चाललं होतं, फरकाकडे कोणी बघत नव्हतं आणि सगळे एंट्र्या बदलत होते. फॉरमॅट दोनदा झाला होता. ड्रायव्हर जुना टाकून झाला, नवा टाकून झाला. कॅबिनेटचा बाजूचा पत्रा काढून समोर टेबल फॅन लावून झाला, तो ह्यांचा उपाय.

मग मी इस्त्रीवाल्याच्या हिशेबाची वही घेतली. डाव्या पानावर शर्ट-पँट, उजव्या पानावर मुलाला सांगितलं, बंद पडला की फक्त तारीख आणि वेळ लिही. अंदाज नको, कारण नको. जानेवारीचं पान अजून आहे माझ्याकडे. ६.४८, ६.५१, ६.४७, मग दोन दिवस काही नाही, ६.५०. आणि एका रविवारी दुपारी १.३५. ही एकच नोंद ओळीत बसत नव्हती, आणि मला तीच चावत होती.

पण पहिला धागा वहीत मिळाला नाही, पोळपाटावर मिळाला. एका संध्याकाळी मी पोळ्या लाटत होते, आतून आवाज आला, “गेला!” मी सवयीने विचारलं, “मग आता चालू कसा करणार?”

“करतो ना. खाली वाकून काळं बटण दाबतो.”

“कुठलं काळं बटण?”

टेबलाखाली, पाय ठेवायच्या जागेमागे, धुळीत आमचा यूपीएस, लाईट गेली की बॅटरीवर पीसी चालवणारा डबा. पोरगा तीन महिने दर वेळी वाकून यूपीएस चालू करत होता आणि मग पीसी. त्याला त्यात सांगण्यासारखं काही वाटलंच नव्हतं. आम्ही सगळ्यांनी त्याला विचारलं होतं, कुठला गेम, किती वेळ, सेटिंग काय. चालू कसा करतोस, हे एकानेही विचारलं नाही. आणि कॅबिनेट दुकानात गेलं तेव्हा यूपीएस टेबलाखालीच राहिला होता. तिथे चार तास चालला यात नवल काय?

मी पिठाच्या हाताने टॉर्च घेऊन खाली वाकले. यूपीएसच्या मागच्या बाजूला बारीक अक्षरात छापलं होतं: ६०० व्हीए, ३६० वॅट. लोक मोठा आकडा बघतात, भार मोजायचा तो लहान आकड्याने. आता हिशेब कर. जुनं १६५० कार्ड ७५ वॅटचं, नवीन ३०६० हे १७० वॅटचं. प्रोसेसर गेममध्ये ७०-७५ पर्यंत जातो. बोर्ड, पंखे, डिस्क धर. वर एसएमपीएसची स्वतःची घट, आणि त्याच यूपीएसवर मॉनिटर. साडेतीनशेच्या पुढे सहज. व्हिडिओ बघताना मात्र हेच सगळं मिळून शंभरच्या आसपास. दिवाळीआधी जुन्या कार्डावर गेमही कसाबसा निभत होता.

तरी एक प्रश्न उरत होता. रोज का नाही? आणि पावणेसातलाच का? त्याचं उत्तर मला माहीत होतं, फक्त ते कॉम्प्युटरच्या कप्प्यात नव्हतं. पावणेसातला आमच्या बिल्डिंगचा वॉचमन पाण्याचा पंप लावतो. मी स्वतः त्या वेळी पिंप लावायला मोरीत असते. पंपाची मोटर सुरू होताना चालू स्थितीच्या पाच-सहा पट करंट खेचते, तेवढा क्षणभर व्होल्टेज खाली जातं, जिन्यातला बल्ब डोळा मिचकावतो. आमच्या जुन्या वायरिंगमध्ये तर जास्तच. यूपीएसला वाटतं लाईट गेली, तो टक्‌ करून बॅटरीवर जातो. शंभर वॅट असतील तर तेवढा क्षण ओढून नेतो. पावणेचारशे असतील आणि बॅटरी तीन वर्षांची असेल तर हात टेकतो. मुलगा त्या वेळी जिममध्ये असेल किंवा व्हिडिओ बघत असेल तर काहीच होत नाही.

आणि रविवारी दुपारी १.३५? मी खाली जाऊन वॉचमनला विचारलं. त्या दिवशी पाणी आलं नव्हतं, सोसायटीने टँकर मागवला होता. पंप दुपारी लावला होता. पतपेढीत ३१ मार्चला ताळा जुळल्यावर होतो तेवढा आनंद मला त्या जिन्यात झाला.

शनिवारी प्रयोग केला. मुलाला गेम लावायला सांगितला, हेडफोन काढून. मी गॅलरीत उभी, खाली वॉचमनला हात केला. ट्यूबलाईट मंद झाली, टेबलाखाली टक्‌ झालं, एक लांब टींऽऽ, आणि सगळं काळं. इतके महिने ती टीं कोणी ऐकली नव्हती, कारण मुलाच्या कानात हेडफोन आणि माझ्या कानात कुकर. मग पीसी आणि मॉनिटर यूपीएस सोडून थेट भिंतीतल्या थ्री-पिनला लावले. पुन्हा हात केला. ट्यूब मंद झाली, गेम चालू. चांगल्या एसएमपीएसला शंभर ते दोनशेचाळीस व्होल्टमध्ये काहीही चालतं, पंपाचा झटका त्याच्या गावीही नव्हता. ज्याला राखण करायला ठेवलं होतं, तोच घर बंद करत होता.

हे पेपर वाचत होते. म्हणाले, “म्हणजे गेम नसता तर बंद पडला नसता, बरोबर?” बरोबरच आहे ते, म्हणूनच राग येतो. घाटात गाडी गरम झाली म्हणून कोणी घाटाला दोष देत नाही, रेडिएटर बघतो. गेम हा घाट आहे. कुठला भाग कच्चा आहे ते तो दाखवतो, कच्चा करत नाही. हे तू तुझ्या घरच्यांना जसंच्या तसं वाचून दाखव.

तर तुझ्यासाठी पहिलं काम. पुढच्या वेळी बंद पडला की पीसीकडे बघू नकोस, मॉनिटरच्या कोपऱ्यातल्या दिव्याकडे बघ. तो पण विझला असेल तर दोष कॅबिनेटच्या बाहेर आहे: यूपीएस, स्पाईक बोर्ड (सगळे प्लग लावतो तो एक्स्टेंशन बोर्ड), सॉकेट. स्पाईक बोर्डच्या भोकाभोवती तपकिरी डाग किंवा जळका वास आला तर तो आजच फेकून दे. मॉनिटर जागा राहून ‘नो सिग्नल’ म्हणत असेल आणि पीसी पूर्ण मेला किंवा आपोआप रीस्टार्ट झाला, तर आधी एसएमपीएसवर संशय घे, विशेषतः तो कॅबिनेटबरोबर फुकट आलेला असेल तर. आत पंखे फिरताहेत आणि फक्त पडदा काळा झाला, तर कार्ड किंवा ड्रायव्हर. फक्त गेम बंद होऊन डेस्कटॉप दिसतो, तर रॅम किंवा गेमच्या फायली. बायोसमध्ये, म्हणजे विंडोजआधी उघडणाऱ्या सेटिंगमध्ये, एक्सएमपी (रॅम जास्त वेगाने पळवायची सोय) बंद करून एक दिवस खेळून बघ, ते फुकट आहे.

रॅमचा संशय असेल तर मेमटेस्ट८६ हे रॅम तपासायचं सॉफ्टवेअर पेनड्राईव्हवर टाकून रात्रभर लाव. भावजींनी ‘बाद’ म्हणून काढलेली आमची रॅम मी परत मागून घेतली, बसवली आणि मेमटेस्ट लावला. चार फेऱ्या, शून्य एरर. त्याचा फोटो मी घरच्या ग्रुपवर टाकला होता. त्यावर फक्त नणंदेचा अंगठा आला.

प्रोसेसर इंटेलचा तेराव्या किंवा चौदाव्या पिढीचा, आय५ १३६००के किंवा त्याच्या वरचा असेल, तर वरचं सगळं सोडून आधी बायोस अपडेट कर. त्या प्रोसेसरांना जास्त व्होल्टेज जाऊन ते अस्थिर व्हायचे. इंटेलने २०२४ मध्ये त्यासाठी मायक्रोकोड (बायोसमधून प्रोसेसरला मिळणारी दुरुस्ती) दिले आणि वॉरंटीही दोन वर्षांनी वाढवली. गेममध्ये ‘आउट ऑफ व्हिडिओ मेमरी’ असं खोटंच दाखवणं हे त्याचं एक लक्षण होतं, आणि ते वाचून कितीतरी जणांनी चांगली कार्डं बदलली असतील.

अर्थिंग मात्र इलेक्ट्रिशियनकडून बघून घे. घरातला टेस्टर फेज दाखवतो, अर्थिंग आहे की नाही ते त्याला कळत नाही. अनवाणी असताना कॅबिनेटच्या पत्र्याला हात लागून झिणझिण्या येत असतील तर समजून जा. आणि एसएमपीएस स्वतः उघडू नकोस, प्लग काढल्यावरही आत चार्ज राहतो.

हे सगळं लिहून झाल्यावर तुझा प्रश्न पुन्हा वाचला. तू म्हणतोस दर वेळी दहा-पंधरा मिनिटांनी. आमचं तसं नव्हतं, आमचं घड्याळावर होतं, पंपाच्या. दर वेळी ठराविक मिनिटांनी बंद पडतो याचा अर्थ तुझ्याकडे काहीतरी तापत असण्याची शक्यता जास्त. मेच्या उकाड्यात तर नक्कीच. एचडब्ल्यूइन्फो हे तापमान दाखवणारं सॉफ्टवेअर लावून त्याचं लॉगिंग (नोंद) चालू ठेव, बंद पडायच्या आधीचं शेवटचं तापमान बघ. प्रोसेसर नव्वदच्या पुढे असेल तर कूलरखालची पेस्ट वाळली असेल किंवा पंखा अडला असेल, ते दोन-चारशे रुपयांचं काम आहे. पण वही तरीही घाल.

यूपीएस नकोच असं मी म्हणत नाही. आम्ही नंतर ११०० व्हीएचा घेतला, ६६० वॅटचा, मागची बारीक अक्षरं दुकानातच वाचून. जुन्यावर आता फक्त वायफायचा राउटर आहे आणि पावणेसातला तो अजूनही टक्‌ करतो. भावजींचे २,८०० वहीत ‘येणे’ म्हणून लिहिलेत. गणपतीला येतील तेव्हा विचारीन.