लांबलेला पाऊस आणि जळाऊ लाकूड : मुरबाड-शहापूरच्या शेतकऱ्यांच्या प्रश्नांना उत्तर

प्रश्न : बांधावरचे सुबाभूळ मे महिन्यात तोडून ताडपत्रीखाली ठेवले. दिवाळी आली तरी लाकूड ओले आहे, बुरशीही आली. कल्याणचा वखारवाला अर्धाच भाव देतो. खाचराच्या कडेचा दोन वर्षांचा सागही पिवळा पडतोय. काय करावे?

उत्तर : आधी भावाचे बोलू. १ टन लाकडात २० टक्के ओल असेल, तर ८०० किलो लाकूड आणि २०० किलो पाणी. ओल ४० टक्के असेल, तर लाकूड ६०० किलोच. शिवाय जळताना काही उष्णता पाण्याची वाफ करण्यातच जाते. त्यामुळे वजन तेवढेच असले तरी ओल्या लाकडापासून साधारण ३० टक्के उष्णता कमी मिळते. म्हणजे भावात कपात रास्त आहे. पण लाकूड कुजलेले नसेल तर निम्मी कपात जास्त होते. ओल मोजल्याशिवाय सौदा करू नका.

मोजायचे असे : ओंडक्याच्या मधोमध २-३ सेंमी जाडीची चकती कापा. टोकाची घेऊ नका, टोक आधी वाळते आणि आकडा फसवतो. लगेच वजन करा. मग ओव्हनमध्ये १०० ते १०५ अंशांवर, वजन घटायचे थांबेपर्यंत वाळवा. ३०० ग्रॅमची चकती १९५ ग्रॅमवर स्थिरावली, तर १०५ ग्रॅम पाणी, म्हणजे ३५ टक्के ओल. वखारीतले ओल मोजायचे मीटर मात्र ओल सुक्या वजनावर, म्हणजे इथे १९५ ग्रॅमवर धरते. त्या हिशोबाने याच चकतीची ओल ५४ टक्के होते. बरीच भांडणे इथूनच लागतात, म्हणून टक्केवारी कोणत्या वजनावरची ते आधी ठरवा. ३० टक्क्यांपुढे मीटरच्या आकड्यावर फारसे विसंबूही नका.

आता मूळ दुखणे. वरून पडलेले पाणी फोडलेल्या लाकडाच्या बाहेरच्या थरापुरतेच असते. वारा लागला की काही दिवसांत उडून जाते. तुमची ताडपत्री जमिनीपर्यंत लपेटलेली असेल, तर लाकडातून निघालेली वाफ आत कोंडते, ताडपत्रीला आतून थेंब धरतात आणि पुन्हा लाकडावरच गळतात. कुजवणाऱ्या बुरशीला अशी दमट ऊब फार मानवते. पावसापेक्षा कोंडलेल्या हवेनेच जास्त नुकसान केले आहे.

ताडपत्री आजच काढा. लाकूड वेगळे करताना तोंडाला मास्क लावा, बुरशीची धूळ छातीला बाधते. खिळा सहज रुतेल ते कुजके. ते बाजूला काढा, चांगल्या मालात मिसळलेत तर सगळ्या गाडीचा भाव पडेल. नुसता काळा-हिरवा डाग असून लाकूड टणक असेल तर चालेल. १० सेंमीपेक्षा जाड ओंडके उभे फोडा आणि सुटेल तेवढी साल काढा. सालीखाली ओल टिकते, घुणही तिथेच धरतो. दगड-विटांवर आडव्या बल्ल्या टाकून जमिनीपासून फूटभर उंचीवर थप्पी लावा. वाळवीपासूनही बचाव होतो. दोन थप्प्यांत दोन फूट जागा सोडा. वर पत्रा किंवा ताडपत्री उतरती बांधा, पण चारही बाजू उघड्या ठेवा.

सागाच्या मुळाशी पाणी साचले की मुळांना हवा मिळत नाही आणि पाने पिवळी पडतात. अशा वेळी युरिया टाकून उपयोग नाही. ओळींच्या वरच्या अंगाला ४५ सेंमी खोल चर काढून पाणी ओहोळाकडे वळवा. पानांची नुसती जाळी उरली असेल तर ते अळीचे काम आहे. झाड सहसा पुन्हा फुटते, त्या वर्षाची वाढ मात्र खुंटते.

ओल्या शेतातून ट्रॅक्टरने ओंडके ओढू नका. मूठभर माती दाबून तिचा चिकट गोळा होत असेल तर थांबा; चाकाखाली दबलेल्या मातीत पुढच्या हंगामातही पाणी तुंबते. साग, खैर, ऐन अशा प्रजातींच्या वाहतूक परवान्याची मुदत रस्ता खचल्यामुळे संपत आली असेल, तर ती संपण्याआधी वनपरिक्षेत्र कार्यालयात लेखी अर्ज द्या.

यापुढे तोड मे महिन्यावर ठेवू नका. २०२५ मध्ये मोसमी पाऊस २६ मे रोजीच मुंबईत पोचला. मेमध्ये तोडलेल्या लाकडाला ऊन मिळालेच नाही. भात झोडून झाला की डिसेंबर-जानेवारीत तोडा आणि फेब्रुवारीपर्यंत फोडून थप्पीला लावा, म्हणजे मृगाआधी तीन-चार महिने उन्हाचे मिळतील.