तिकीट एका नावाचं, पासपोर्ट दुसऱ्या नावाचा

प्रश्न : नुकतंच लग्न झालंय. आडनाव बदलायचंय, बँक आणि विम्याची कामंही आहेत. पुढच्या महिन्यात परदेशी जातोय, माझं तिकीट माहेरच्या नावाने आहे. सुरुवात कुठून करू?

उत्तर : मग परत येईपर्यंत पासपोर्टाला हात लावू नका. तिकिटावरचं नाव त्याच्याशी जुळलंच पाहिजे. तोवर विवाह नोंदणीच्या दाखल्याच्या तीन-चार प्रमाणित प्रती काढून ठेवा. आल्यावर आधी ओळखपत्र, मग बँक. उलट केलंत तर काउंटरवरून परत पाठवतील. (बँकेत असताना मीच कित्येक जोडप्यांना पाठवलंय, बोलणीही खाल्लीत.)

संयुक्त खात्याच्या फॉर्मवर 'दोघांच्या सहीने' की 'दोघांपैकी कोणाच्याही', ही चौकट घाईत भरली जाते. पहिल्या पर्यायात एकजण गावाला गेला की पैसे अडकतात. दुसऱ्यात कोणीही एकटा सगळे काढू शकतो. मी दुसरा घेईन, पण खात्यात फक्त घरखर्चाचेच पैसे ठेवून.

आणि जुन्या विमा पॉलिसी काढून बघा. नॉमिनी म्हणून आई किंवा बाबा असतील, लग्नाने ते नाव आपोआप बदलत नाही. ठेवायचं की बदलायचं, तुम्ही दोघं ठरवा.